पाणी इथवर येते

खुर्शीदबीचा पाय खड्ड्यात गेला आणि डोक्यावरची टोपली सावरता सावरता तिच्या तोंडून एक सणसणीत शिवी बाहेर पडली. शिवी देऊन झाल्यावर तिने खाली पाहिलं. या जागी खड्डा असायचं काही कारणच नव्हतं. इथे देव असायचा. लहानपणी बापाचं बोट धरून ती मोर्णेवर यायची तेव्हापासून या चढावर, बाभळीपासून चार पावलांवर, शेंदराने थापलेला तो कमरेइतका दगड तिने पाहिला होता. थांब्या मारोती. पूर येतो तो त्याच्या पायाला लागतो आणि तिथून माघारी फिरतो, असं सगळं अकोला सांगायचं. पिंजाऱ्याच्या लेकीला त्या देवाशी तसं काही देणंघेणं नव्हतं, पण वाटेवरच्या ओळखीच्या म्हाताऱ्यासारखा तो होता. पंचवीस-सव्वीस वर्षं दूरच्या सासरी काढून, नवरा गमावून ती गेल्या माघात परत आली तेव्हा गावातलं निम्मं बदललं होतं, आगगाडी आली होती, कापसाला सोन्याचे दिवस आले होते, पण थांब्या जागच्या जागी होता. आता तिथे हातभर खोल खड्डा, आत शेंदराचे दोन पापुद्रे, एक वाळकं लिंबू आणि मुंग्या.

चढाच्या खालच्या अंगाला नदीपर्यंत तट्ट्यांच्या झोपड्यांच्या नव्या ओळी उभ्या होत्या. मुंबईच्या कुणा शेटची वखार इथे झाल्यापासून आजूबाजूच्या गावांतून बाया आणून बसवल्या होत्या. झोपडीपुढे रेचा मांडायचा, दिवसभर त्याच्या दांड्याशी झगडून कापसातली सरकी वेगळी काढायची, आणि तिथेच जेवायचं, तिथेच निजायचं. यातल्याच एका झोपडीत खुर्शीदबीची लेक सईदा राहत होती. जावई कुर्बान अमरावतीच्या बाजारातलं काम सोडून इकडे गाठी दाबायला आला होता. त्यांची नूरी आठ महिन्यांची होती. टोपलीत त्यांच्यासाठी भाकरी आणि आंबाडीची भाजी होती.

"कोठी गेला तुमचा देव?" खुर्शीदबीने पहिल्याच झोपडीतल्या वच्छलाला विचारलं. वच्छला दर्यापूरकडची, अंगाने दांडगी आणि तोंडाने हसरी. रेचा न थांबवता ती म्हणाली, "खाली नेला ना बी! महिना झाला, वाजतगाजत नेला. पार नदीच्या काठाले ओटा बांधला त्याच्यासाठी. केळीचे खांब काय, डफडे काय, तुमी नव्हते तुमच्या भावाकडं गेले तवा? आता पाणी तिथंच थांबते. म्हनून त इथं आमाले जागा भेटली, नाई त इथं कोन राहू देते?"

इतक्या आनंदाने तिने ते सांगितलं की खुर्शीदबीला क्षणभर काही कळेच ना. मग कळलं, आणि कानशिलं तापली. पाणी देवापाशी थांबतं, तेव्हा देव खाली नेला की पाणी खाली थांबेल. किती सोपं. आणि डफडी वाजवत, गुलाल उधळत, नारळ फोडत, गावातल्या झाडून साऱ्या शहाण्या पुरुषांनी हे केलं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की दगड पाण्याला अडवत नव्हता, पाणी कुठवर आलं होतं एवढंच सांगत होता. की कुणाच्या डोक्यात आलं होतं आणि त्याने ते गिळून टाकलं? तिला भुईवर थुंकावंसं वाटलं. तिने टोपली खाली ठेवली आणि खड्ड्याकडून नदीकडे पाहिलं. वैशाखाची नदी, मधोमध दोन डबकी आणि त्यांत बसलेल्या म्हशी. म्हशीच्या पाठीवर बसून बगळा झोपा काढत होता. खड्ड्यापासून त्या बगळ्यापर्यंत तिने नजरेने सगळ्या झोपड्या मोजल्या. चाळीस भरल्या. सईदाची खालून तिसरी होती.

तिच्या डोक्यात मग ते सुरू झालं. ते कधीही सुरू व्हायचं, पीठ मळताना, कुणाशी बोलताना. आधी वास यायचा, ओल्या चुन्याचा. मछलीपट्टणच्या त्या घराला, सगळे ज्याला नुसतं बंदर म्हणत त्या गावातल्या नवऱ्याच्या घराला, ओसरीच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याहून हातभर उंच एक आडवी रेघ कोरलेली होती. नवऱ्याच्या, अब्दुल गफ्फारच्या, पणज्याच्या वेळी समुद्र गावात आला होता तो तिथवर, असं सासरे सांगायचे. दरसाल एकदा ते त्या रेघेवर हात ठेवायचे आणि घरातल्या पोरांना शेजारच्या हवेलीच्या दगडी माडीवर चढवून परत उतरवायचे. पोरांना तो खेळ वाटायचा. सासरे गेले आणि खेळ बंद पडला. सईदाचं लग्न ठरलं, वऱ्हाडातून पाहुणे येणार म्हणून घर रंगवायला काढलं, तेव्हा नवऱ्याचा हात त्या रेघेपाशी थांबला. अब्बांनी म्हटलं होतं ती राहू द्यायची, असं तो पुटपुटला. आणि खुर्शीदबी काय म्हणाली होती? समुद्र दीड कोस लांब आहे, पाहुणे विचारतील घराला तडा गेला का म्हणून, बुजवा ती. चुन्याची बादली तिनेच धरली होती. दोन हात मारल्यावर भिंत कशी देखणी झाली होती. हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात? जगातल्या सगळ्या गाढवांवर ती दातओठ खात असे, आणि त्या सगळ्यांच्या पुढे बादली धरून ती स्वतः उभी असे.

त्याच दुपारी ती वखारीत गेली. वामनराव कारभारी पुण्याकडचे, गोरे, मऊ बोलणारे. त्यांनी तिला सावलीत बसायला सांगितलं, घागरीतलं पाणी द्यायला लावलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता हेच तिच्या जिवाला लागलं. लबाड असता तर तोंडभर शिव्या देऊन मोकळी झाली असती.

"बाई, आम्ही काही मनाने केलेलं नाही हे," ते म्हणाले. "देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. लहान मुलीकडून उचलून घेतल्या. खाली जायचीच निघाली. त्याची इच्छा."

"अन् वरची निघाली असती त?"

वामनराव हसले. "मग वर राहिला असता. पण निघाली नाही ना."

"मी बंदरले पाहून आली, कारभारी. दिवाळीच्या वक्ताले. समुद्र रस्त्यानं चालत आला. माणसं वाहून गेली, घरं गेली, गावच्या गाव गेले. तिथंबी लोक हेच म्हनत होते, इतक्या दूर कुठं येते."

"तुमच्यावर मोठाच प्रसंग आला. ऐकलंय मी," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांचा चेहरा पडला. "पण इथे कुठला समुद्र? ही मोर्णा. उन्हाळ्यात म्हशी बुडत नाहीत तिच्यात. आणि आमच्या देवाची तुम्हाला एवढी काळजी, ऐकून बरं वाटलं मला."

बरं वाटलं! ती उठली. पाण्याला तिने हात लावला नव्हता. वखारीच्या अंगणात कापसाचे ढीग पडले होते, माणसाहून उंच. त्यावर ताडपत्र्या टाकलेल्या होत्या, चारी बाजूंनी दगड ठेवले होते, दोन पहारेकरी बसवले होते. ठिणगी पडू नये म्हणून चिलीम ओढायला बंदी होती. कापसाची एवढी आठवण होती सगळ्यांना. कापसाचा विचार करताना यांची अक्कल कशी लख्ख चालायची, आणि बायापोरांचा विषय निघाला की चिठ्ठ्या टाकायच्या. अमेरिकेतली लढाई संपली, भाव घसरणार, अशी कुजबुज बाजारात महिनाभर चालली होती आणि तीही कुणी मनावर घेत नव्हतं. चांगले दिवस आले की ते जाणार नाहीत असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

गावचा जागल्या पुंजाराम तिला बरडावर भेटला. वखारीच्या मागे नदीपासून लांब वर मुरमाड उंचवटा होता, तिथे महारवाडा. त्या जमिनीत काही पिकत नाही म्हणून तिथे यांना बसवलेलं. पुंजाराम सत्तरीचा असेल, हातात घुंगरांची काठी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. दगडाचं नाव काढताच तो पडल्या चेहऱ्याने हसला.

"माह्या आज्यानं गाडला तो दगड, माय. देव नव्हता तो. खूण होती. पाणी उतरल्यावर फेस आन् काडीकचरा जिथं लागून राह्यला होता, तिथं त्यानं कुदळ मारली. मंग कोनं त एक दिवस शेंदूर लावला. शेंदूर लावला आन् आमाले जवळ जायची मनाई झाली."

"तुमी सांगतलं नाई त्याईले?"

"सांगतलं. वखारीच्या फाटकाबाहेर उभा राहून सांगतलं. ते म्हने, पुंजाराम, देवाचं तू नको सांगू." तो काठीने मुरूम उकरत राहिला. "दोन गावाच्या शिवेचं भांडण झालं की मले बलावते. महार म्हनन तिथं शीव. साहेबबी मानते. पान्याची शीव मातर मले कोनी इचारत नाई."

खुर्शीदबी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिला वाटलं, या माणसाला राग कसा येत नाही? मग त्याच्या काठीकडे लक्ष गेलं. एकाच जागी खुपसून खुपसून त्याने मुरमात चांगलं बोटभर खोल भोक पाडलं होतं. येत होता राग. पण तो मोठ्याने करायची सोय त्याला नव्हती. तिला होती, निदान थोडी तरी. म्हातारी, विधवा, तोंडाळ, परक्या धर्माची. तिला कोण काय करणार?

सईदाला मात्र ते परवडणारं नव्हतं. "अम्मा, तू कारभाऱ्याकडं काहून गेली?" ती दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येऊन म्हणाली. नूरी तिच्या मांडीवर कापसाची बोंडं तोंडात घालत होती. "कुर्बानले बोलावून त्यायनं सांगतलं, सासूले समजाव म्हने. सारे हसून राहिले आमाले. घर भेटलं, काम भेटलं, दोघं मिळून कमावून राहिलो, तुले देखवत नाई काय?"

"हे घर नोय, बेटा. हे नदी होय. नदीच्या पोटात निजून राहिली तू लेकरू घेऊन."

"बंदर इथं नको आणू, अम्मा." सईदाचा आवाज एकदम चिरका झाला. "अब्बा तिथं गेले. मले इथं जगू दे."

सईदाला काय माहीत होतं? एवढंच, की वारा सुटला, समुद्र आला, अब्बा गेले, अम्मा वाचली. अम्मा वाचली ती कशी, हे तिला सांगितलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी वाऱ्याने कौलं उडायला लागली तेव्हा हवेलीतला म्हातारा माडीवरून ओरडून सगळ्यांना वर बोलावत होता. अब्दुल गफ्फार छापलेल्या छिटांचे तागे बांधत बसला होता, ते भिजले तर सगळं वर्ष बुडालं असतं. ती म्हणाली चला, तो म्हणाला एवढे चार, ती म्हणाली तागे प्यारे की मी, आणि तो वैतागून म्हणाला, तागे भांडत तरी नाहीत. तेवढ्यावरून ती पेटली. पाण्याच्या भीतीने नव्हे, नवऱ्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून ती हवेलीची माडी चढली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्याने दोनदा हाक मारली. तिने ओ दिली नाही. तिसरी हाक आली नाही. सकाळी बाभळींवर कोसभर छिटा लटकत होत्या, निळ्या, लाल, वेलबुट्टीच्या, एकीचाही रंग गेलेला नव्हता. पक्क्या रंगाचा कारागीर होता तो.

दुसऱ्या सकाळपासून ती खड्ड्यापाशी जाऊन बसायला लागली. बाभळीची सावली तिथे दुपारपर्यंत असायची. नदीवर पाण्याला जाणारी-येणारी प्रत्येक बाई तिथूनच जायची, आणि प्रत्येकीला ती एकच सांगायची. "पाणी इथवर येते. पावसाळ्याच्या पहिले वर जा. तुमचा रेचा वर न्या, लेकरू वर न्या." बाया पहिल्यांदा थांबायच्या. मग हसायच्या. मग नुसत्या जायच्या. वर म्हणजे कुठे, असं बार्शीटाकळीकडच्या एकीने विचारलं तेव्हा तिने बरडाकडे बोट केलं, आणि त्या बाईने कानांना हात लावले. "महारवाड्यात? बुडलो तरी चालन बापा." हे ऐकून खुर्शीदबीने तिला असं काही सुनावलं की ती बाई आठ दिवस दुसऱ्या वाटेने गेली. बुडलो तरी चालेल म्हणे. बुडताना कसं वाटतं हे ठाऊक असलेली एक तरी बाई असं बोलली असती का? तिला सगळ्यांचाच संताप यायचा. खाली शेंदूर ल्यालेल्या त्या निरपराध दगडाचासुद्धा यायचा, की बाबा रे, तू तरी बोल, तुझी तरी खरी गोष्ट सांग यांना.

ज्येष्ठात वच्छलाच्या पोराला ताप आला. तीन दिवस उतरेना. चौथ्या दिवशी त्याला खांद्यावर टाकून ती वैद्याकडे निघाली तेव्हा खुर्शीदबीने तिची वाट अडवली. "त्या ओलीत निजवतं त्याले, मरन नाई त काय होईन? इथं वर घेऊन ये. आजची रात इथं बाभळीखाली नीज," असं ती जवळजवळ अंगावर धावूनच म्हणाली. वच्छला घाबरून निजली. पोराचा ताप पहाटे उतरला. उतरायचाच होता, वैद्याचा काढा पोटात होता, वर मोकळा वारा होता. पण वच्छलाने सकाळी हात जोडले आणि खुर्शीदबीच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि झोपड्यांत जाऊन काय सांगितलं ते तिलाच ठाऊक. दोन दिवसांनी खड्ड्याच्या कडेला जास्वंदीची फुलं होती. मग उदबत्ती आली. मग एकीने नारळ फोडला आणि अर्धी वाटी तिच्यापुढे ठेवून मागे मागे सरकत गेली. पंधरा दिवसांत तिचं नाव मायी पडलं.

"अवं पाया काहून पडता?" ती ओरडायची. "आयका! पाणी इथवर येते!"

"हो मायी," बाया म्हणायच्या आणि भक्तिभावाने मान डोलवायच्या. मायीच्या अंगात येतं, ती पाण्याचं बोलते, असं एकमेकींना सांगायच्या. ती फुलं उधळून द्यायची तर तीच वेचून पोरांच्या कपाळाला लावायच्या. तिने एकीला खरोखर चपराक मारली, आणि ती बाई सातव्या महिन्यातच अडली तरी तिला सुखरूप मुलगा झाला. यापुढे काय करायचं माणसाने? तिला हसू येत नव्हतं. रात्र रात्र ती गावातल्या आपल्या खोलीत बसून दात खात असे. शेंदूर लावून दगडाची वाचा बंद केली होती या लोकांनी, आता तिची करत होते. हसत होते तेव्हा निदान ती बाई तरी होती.

आषाढात अकोल्यात म्हणावा तसा पाऊस नव्हता. ढग पातूरच्या डोंगरावर जाऊन बसले होते आणि तीन दिवस तिकडे काळंभोर दिसत होतं. त्या दिवशी सकाळी तर ऊन पडलं होतं. कुर्बान आणि वखारीतले पुरुष गाठी घेऊन स्टेशनावर गेले होते. दिवस कासराभर वर आला तेव्हा पुंजाराम बरडावरून घुंगरांची काठी आपटत उतरला. चढाच्या अलीकडे, जिथवर यायची त्याला मुभा होती तिथवर येऊन तो ओरडला, "पाण्याचा रंग फिरला माय! झाडं येऊन राहिली वाहत. औताचं जू आलं!" मग वळून तो वर पळाला, कारण पूर पाहायला नदीकडे धावणारी आपल्या वाड्यातली पोरं त्याला वरच अडवायची होती आणि त्याचं ऐकणारं जगात तेवढंच होतं.

नदी लाल झाली होती. बाया घाटाकडे धावल्या, पण पळून जायला नाही, पूजेला. पाणी थांब्याच्या ओट्यावर चढलं, त्याच्या गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, आणि दर वेळी त्या जयजयकार करत होत्या. देव थांबवून राहिला, देव थांबवून राहिला. मग देव दिसेनासा झाला. जयजयकार तुटला. मग त्या चाळीस बाया, कडेवर पोरं, हातात नारळ, खालच्या देवाकडून वरच्या मायीकडे आल्या आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या. "थांबव मायी. आता तूच थांबव."

"वर जा!" खुर्शीदबी ओरडली. तिचा आवाज फाटला. "अवं उठा, वर जा!"

"हो मायी," त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

एवढ्यात त्या गर्दीतून सईदा पुढे आली. केस सुटलेले, चेहरा पांढरा. खालच्या ओळीतली तिची झोपडी गेली होती. ती आईला काही बोलली नाही, शिवीगाळ नाही, रडणं नाही. तिने नूरीला खुर्शीदबीच्या पायांवर ठेवलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "मायी, माह्या लेकीले वाचव."

मायी. तिच्या पोटची पोर तिला मायी म्हणाली. खुर्शीदबीला असा राग आला की डोळ्यांपुढे सगळं लाल झालं. तिने नूरीला उचललं, छातीशी आवळलं आणि एकही शब्द न बोलता वळून बरडाच्या दिशेने चालायला लागली. सईदा किंचाळत मागे धावली, "अम्मा! माही पोट्टी दे! पागल झाली काय वं तू! दे माही पोट्टी!" खुर्शीदबीने पाय उचलले. पळ. शिव्या दे, दगड मार, पण माझ्यामागे पळ. मागे एकदम गलका झाला. "मायी उठली! मायी चालून राहिली!" तिने मान वळवून पाहिलं. चाळीसच्या चाळीस बाया उठल्या होत्या. उदबत्त्या सावरत, नारळ सांभाळत, नाव घेत त्या तिच्या मागून मिरवणुकीने येत होत्या.

महारवाड्याच्या तोंडाशी मिरवणूक थबकली. आत पुंजारामची बायको पार्बताबाई आपल्या ओट्यावर उभी होती. एवढ्या बाया पाहून तिने घाईने पाण्याचा माठ बाजूला ओढला, कुणाला विटाळ नको म्हणून. खुर्शीदबी सरळ चालत गेली आणि तिच्या ओट्यावर बसली. बाया पाहत राहिल्या. बार्शीटाकळीकडची ती बाई पदराने तोंड झाकून उभी होती. मग वच्छलाने लुगडं वर खोचलं, पोराला घट्ट धरलं, आणि "मायी गेली त आपलं काय!" असं म्हणून आत पाऊल टाकलं. बाकीच्या तिच्यामागून शिरल्या. शेवटची बाई आत आली तेव्हा खालून आवाज आला, ओला, जड. तट्टे कडाकडा मोडले, रेचे एकमेकांवर आपटले, वखारीतले कापसाचे ढीग ताडपत्र्यांसकट सुटून लाल पाण्यावर पांढरे पांढरे तरंगत निघाले. पाणी चढावर आलं. बाभळीच्या बुंध्यात वळलं, खड्डा भरला, वर हातभर गेलं, आणि तिथे रेंगाळलं.

बायांनी ते पाहिलं. मग सगळ्या एकदम वळल्या आणि ओट्यासमोर आडव्या झाल्या. मायीनं वाचवलं, मायीनं पाणी थांबवलं. कुणी रडत होतं, कुणी तिच्या पायाखालची माती कपाळाला लावत होतं. यातल्या एकीनेही तिचं ऐकलेलं नव्हतं. दोन महिने घसा फोडून सांगितलं ते एकीच्याही डोक्यात शिरलं नव्हतं, आणि उद्या पाणी उतरलं की या सगळ्या खाली जाणार होत्या. तोंड उघडावं आणि एकेकीची आयमाय काढावी असं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. तेवढ्यात सईदा धापा टाकत ओट्यावर चढली. तिने नूरीला हिसकावून घेतलं, आणि रडत, संतापून, बायांकडे वळून म्हणाली, "उठा वं! हे कोनाची मायी नोय! हे त माही..."

सांगून एकही उठली नव्हती, मायीच्या मागे मात्र चाळीसच्या चाळीस उठल्या होत्या; खुर्शीदबीने लेकीच्या तोंडावर हात दाबला. सईदा चावली. तरी तिने हात काढला नाही. शेवटची बाई पाया पडून उठेपर्यंत ती तशीच बसून राहिली.